मदत हवी आहे : कारवान जातीच्या कुत्रीच्या प्रोजेस्टेरॉन चाचणीबाबत
नमस्कार. गेली ३० वर्षे मी कसबा बावड्यात कारवान, डॉबरमन आणि जर्मन शेफर्ड या जातींची पैदास करून त्यांना डॉग शोमध्ये उतरवत आलो आहे; त्यांतही माझा जीव कारवानवर अधिक. आमची ४ वर्षांची मादी दोन वेळा नर दाखवूनही गाभण राहिली नाही, कारण मी केवळ माजाचे दिवस मोजत राहिलो. रक्तातील प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) मिलिलिटरमागे सुमारे ५ नॅनोग्रॅम झाले की बीज सुटते आणि ते पक्व होण्यास आणखी दोनएक दिवस लागतात, म्हणून नर दाखवण्याचा नेमका दिवस ठरवायला अहवाल त्याच दिवशी हाती यायला हवा. कोल्हापूर, सांगली परिसरात कुत्र्यांसाठी ही चाचणी कोठे होते, हे जाणकारांनी कृपया कळवावे. तिच्या पणजीपासूनची ही ओळ मला खंडित होऊ द्यायची नाही.