मदत हवी आहे: गुलमर्गसाठी स्नोबोर्ड कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मी म्हापशाचा. मोरजीला सर्फिंग करतो, पण बर्फावर तसा नवखाच. मनालीजवळच्या सोलंगला दोन हिवाळे भाड्याच्या बोर्डवर शिकलो, वळणं आता नीट जमतात. येत्या फेब्रुवारीत दहा दिवस गुलमर्गला जातोय, त्याआधी स्वतःचा बोर्ड घ्यायचा आहे.

घोडं अडलंय ते आकारावर. तिथला भुसभुशीत ताजा बर्फ बघता रुंद नाकाचा, बाइंडिंग (बूट अडकवायची पकड) थोडी मागे बसणारा डायरेक्शनल, म्हणजे पुढची-मागची टोकं वेगळी असलेला बोर्ड घ्यावासा वाटतो. पुढे रॉकर, म्हणजे वर वळलेला आकार असला की नाक बर्फात रुतत नाही, मागच्या पायावरचा ताण कमी होतो. पण दाबलेल्या कडक उतारावर कॅम्बर (मधे कमानीसारखा उचललेला आकार) जशी पकड घेतो तशी रॉकर घेत नाही. दोन्हींचा मेळ असलेला हायब्रिड कोणी वापरलाय का?

धाकट्या भावाला उड्या मारायच्या आहेत, म्हणजे त्याला दोन्ही टोकं सारखी असलेला ट्विन. माझं वजन 82 किलो, त्याचं 60. एकाच बोर्डात दोघांचं भागणार नाही असंच मला वाटतं.

माझा बूट 11 नंबरचा. वळताना बोटं बर्फाला घासून दोनदा आपटलो, म्हणून वाइडच घ्यावा ना? मधली रुंदी 26 सेंटिमीटर पुरेल?

आणि हे गोव्यातल्यांनीच सांगा: इथल्या खाऱ्या, दमट हवेत पोलादी कडा पावसाळाभर गंजू नयेत म्हणून काय करता? कडांवरही मेणाचा जाड थर देऊन कपाटात ठेवला तर चालेल का?