विषय: पाइपवरचा कोबा, ओला की सुका?

प्रेषक: यॉर्कशायरकर, सध्या मुक्काम राजारामपुरी

मंडळी, नमस्कार.

सुट्टीवर कोल्हापुरात आलोय, पण जीव तिकडं यॉर्कशायरातल्या घराच्या बांधकामात अडकलाय. घरावर छप्पर चढलं, तळमजल्याचा स्लॅब झाला. आता त्यावर इन्सुलेशन, मग जमीन गरम ठेवणाऱ्या हीटिंगचे, कोमट पाण्याचे १६ मिमीचे पाइप आणि वर कोबा. भांडण कोब्यावरून आहे. बिल्डर म्हणतो, वाळू-सिमेंटचा ७५ मिमी घाल. पाइपवाला म्हणतो, लिक्विड घाल, अ‍ॅनहायड्राइटचा (जिप्समच्या जातीचा, पातळ ओतायचा), ५० मिमी पुरे. पाणी तापवणारा हीट पंप हवेवरचा, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब ओढणारा आहे. खाली सगळीकडं टाइल्स आणि दोन बाथरूम.

आमच्या अण्णांनी उद्यमनगरात शेडच्या शेड उभ्या केल्यात. त्यांचं एकच म्हणणं, कोबा कुठलाही घाल, वाफे करून पाणी भरून ठेव, नाहीतर चिरा पडतील. पाइपवाल्याला हे सांगितलं तर तो फोनवर गप्पच झाला. सोमवारपर्यंत बिल्डरला कळवायचंय.

प्रेषक: बर्मिंगहॅमची ताई

भावा, अण्णा चुकीचं सांगत नाहीत, पण ते सिमेंटबद्दल बोलतायत. सिमेंट पाण्यानं पक्कं होतं, म्हणून पहिले काही दिवस ओल राखायची. इकडं इंग्लंडात पाण्याचे वाफे घालण्याऐवजी आठवडाभर प्लास्टिक अंथरून ठेवतात. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. आपल्याकडं कोबा वाळला का, असं कुणी विचारत नाही, ऊन आपोआप बघून घेतं. इकडं नोव्हेंबरात तो वाळणं म्हणजे श्रावणात रंकाळ्याकाठी जीन्स वाळत घालणं.

ढोबळ हिशेब असा: पहिल्या ४० मिमीला मिमीमागे एक दिवस, पुढच्या प्रत्येक मिमीला दोन दिवस. ७५ मिमीला ४० आणि ७० मिळून ११० दिवस. ५० मिमीला ४० आणि २० मिळून ६०. तेही घर उबदार आणि हवा खेळती असेल तर. म्हणजे तुझ्या दोन भिडूंमधला फरक मालापेक्षा जाडीचा जास्त आहे. वाळू-सिमेंट इन्सुलेशनवर तरंगता घालायचा तर ६५ मिमीच्या खाली जाता येत नाही. लिक्विडला पाइपच्या वर २५ ते ३० मिमी आवरण मिळालं की झालं.

मी तुझ्या जागी असते तर लिक्विडच घेतला असता. हीट पंपाचं पाणी ३५ ते ४५ अंशांवर खेळतं. इतक्या कोमट पाण्याला पाइपभोवती पोकळी परवडत नाही. वाळू-सिमेंट अर्धओला असतो, थापीनं दाबून भरावा लागतो, आणि पाइपच्या पोटाखाली तो नीट दाबला गेला की नाही हे देवालाच ठाऊक. लिक्विड तिथं स्वतः जाऊन बसतो.

पण तो कुठंही शिरतो, हाच त्याचा दुर्गुणही. इन्सुलेशनवरचं प्लास्टिक हौदासारखं बंद पाहिजे, सांधे टेपनं पक्के आणि भिंतीकडेनं फोमची पट्टी वरपर्यंत. माल खाली शिरला तर इन्सुलेशनचे बोर्ड तरंगून वर येतात, पाइपसकट. पाइप जवळजवळ क्लिप करायचे, पाण्यानं भरून दाबाखाली ठेवायचे आणि ओतताना दाबाच्या मीटरच्या काट्याकडं एकानं लक्ष ठेवायचं. काटा खाली आला तर पाइप तेव्हाच उघडा सापडतो, नंतर नाही.

प्रेषक: काका, रंकाळा

पोरा, आम्ही तिकडचं घर विकून परत आलो, पण या मेलच्या यादीतून नाव काढलेलं नाही.

ताईनं बाथरूमचं सोडलं. अ‍ॅनहायड्राइट म्हणजे जिप्समचा भाऊबंद, पाणी मुरत राहिलं तर मऊ पडतो. बाथरूमला दारातच बांध घालून तेवढा वाळू-सिमेंट भरून घे. त्यात बाथरूमचा उतारही काढता येतो, लिक्विड सपाटच बसणार.

दुसरं, टाइल्स. लिक्विडवर दुधाच्या सायीसारखा पापुद्रा येतो, तो मशीननं घासून काढायचा, मग प्रायमर. सिमेंटचं नेहमीचं अ‍ॅडेसिव्ह थेट लावलं आणि ओल राहिली असली तर जिप्सम-सिमेंटची गाठ पडून एट्रिंगाइटचे स्फटिक धरतात. टाइल मागून स्वच्छ, अख्खी हातात येते. आमच्या शेजाऱ्याकडं स्वयंपाकघरात असंच झालं, आणि बिल्डर शेवटपर्यंत टाइलच्या दुकानाला शिव्या देत होता.

आणि अण्णांना सांग, लिक्विडवर पाणी मारायचं नाही. पहिले एक-दोन दिवस खिडक्या बंद, वारा नको. मग उघडायच्या.

प्रेषक: यॉर्कशायरकर

अण्णांना वाचून दाखवलं. ‘जिप्समचा कोबा?’ म्हणून चष्मा काढला, पण बाथरूमचा बांध पटला.

एक राहिलं. वाळवायला हीटिंग लगेच लावली तर चालेल का? बिल्डरला ख्रिसमसच्या आत टाइल्स हव्यात.

प्रेषक: बर्मिंगहॅमची ताई

लगेच नाही. ईएन १२६४ (जमिनीतल्या हीटिंगचं युरोपीय मानक) प्रमाणे अ‍ॅनहायड्राइटला किमान ७ दिवस, सिमेंटला २१. तुझ्याकडं दोन्ही आहेत, तर बाथरूमचे लूप (पाइपचे फेरे) मॅनिफोल्डवर, म्हणजे सगळे पाइप जिथून फुटतात तिथं, तोवर बंद ठेव. पाणी आधी २० ते २५ अंशांवर तीन दिवस, मग डिझाइनच्या कमाल तापमानाला चार दिवस. एकदम चढवायचं नाही. टाइल्सची तारीख मात्र बिल्डरनं ठरवायची नाही, मीटरनं ठरवायची. हायग्रोमीटरचा (ओल मोजायच्या मीटरचा) डबा कोब्यावर चिकटवून ठेवायचा, हीटिंग बंद करून. आतली आर्द्रता ७५ टक्के किंवा खाली आली तरच टाइलवाल्याला बोलवायचं. माझ्याकडचा मीटर नेऊ शकतोस. येताना कांदा-लसूण चटणी आण, घरची, पाकिटातली नको.