वालधुनीचा गाळ बागेत टाकायचा?

खाडीकाठ: कालच्या धाग्यात एकांनी लिहिलंय: "वालधुनीचं पाणी लॅबमध्ये तपासून आणलं. शिसं, कॅडमियम मर्यादेत. भीती पसरवणं बंद करा. नाल्यातून उपसलेला काळा गाळ म्हणजे फुकटचं खत, आम्ही सोसायटीच्या बागेसाठी ट्रॉलीभर आणलाय." वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

अहो, अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांजवळून वाहणारी वालधुनीसारखी नदी बाटलीभर पाण्यावरून कळत नाही. शिसं-कॅडमियमसारखे जड धातू पाण्यात फार काळ राहतच नाहीत. बारीक चिकणमातीला, कुजलेल्या काडीकचऱ्याला चिकटतात आणि तळाशी बसतात. बाटली भरलीत त्या दिवशी वर कुणी टँकर ओतला नसेल, तर रिपोर्ट चांगलाच येणार. गाळात मात्र वर्षानुवर्षांचं साठलेलं असतं.

आणि काळा, सडक्या अंड्यांचा वास मारणारा गाळ म्हणजे प्राणवायू नसलेला गाळ. त्यात बरेचसे धातू गंधकाशी जोडलेल्या, म्हणजे सल्फाइडच्या रूपात अडकलेले असतात. तो उपसून उन्हात पसरला की हवा लागते, आम्ल तयार होतं आणि धातू सुटे होतात. त्यात तुम्ही पालक लावणार! पालेभाज्या कॅडमियम किती सहज ओढून घेतात, ते आधी वाचा.

बागप्रेमी: कालचा तो मीच. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, आमचा नमुना त्याच्या आत आहे. कागद आहे माझ्याकडे. तुमच्याकडे काय आहे?

काळा पाषाण: दोघेही थांबा. आपला बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्रीचा काळा दगडच मुळात तांबं, निकेल, क्रोमियमने श्रीमंत. गाळाची तुलना शेलच्या, म्हणजे चिखलापासून बनलेल्या खडकाच्या, जागतिक सरासरीशी (तांबं दशलक्षात ४५ भाग) केली, तर सह्याद्रीतला स्वच्छ ओढासुद्धा प्रदूषित ठरेल. असे निष्कर्ष वाचून वाचून वैताग आलाय.

खाडीकाठ: तांब्या-निकेलचं मान्य, तिथे तुमचं बरोबर आहे. पण शिसं, कॅडमियम, पारा बेसॉल्टमध्ये असतो कितीसा? मलंगगडाकडच्या ओढ्याचा गाळ घ्या आणि उल्हासनगर ओलांडल्यावरचा घ्या. दगड एकच. दोन्ही ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळा, धातूंचं ॲल्युमिनियमशी गुणोत्तर काढा, म्हणजे बारीक मातीची तुलना बारीक मातीशीच होईल. जो फरक उरेल तो डोंगराने दिलेला नाही.

कॅम्प पाच: उल्हासनगर म्हटलं की जीन्सवाले, हे ठरलेलंच. २०१८ ला धुलाईचे कारखाने बंद पडले. माझे वडील वीस वर्षं वॉशिंगला होते, पोटॅशियम परमँगनेट फवारून हात तपकिरी झालेले. चार महिने घरी बसले, नंतर वॉचमनची नोकरी धरली. नदी साफ झाली का तेवढ्याने?

अंबरनाथकर: कुणी जीन्सचं नावही काढलं नव्हतं! पण आता काढलंच आहे तर सांगते. शिवमंदिरामागे आजी कपडे धुवायची, आम्ही त्याच पाण्यात डुंबायचो. नंतर पाणी कधी निळं, कधी लाल. २०१४ साली टँकरमधून नाल्यात रसायन सोडलं, गॅसने शेकडो माणसं हॉस्पिटलात गेली. माझी बहीण त्यात होती. पोटापाण्याचं आम्हाला सांगू नका.

कॅम्प पाच: ताई, तो टँकर आमचा नव्हता! कामगाराच्या नावाने बोटं मोडणं सोपं असतं. त्या कारखान्यांना सांडपाण्याची सोय कुणी करून दिली होती का?

अंबरनाथकर: नाही दिली. तेवढं तुमचं खरं. तुमच्या वडिलांवर राग नाही माझा. मालकाने पैसे वाचवले आणि पाणी आमच्या दारात आलं, त्याचा आहे.

काळा पाषाण: विषय गाळाचा होता. आणि क्रोमियमबद्दल एक राहिलं: प्राणवायू नसलेल्या चिखलात क्रोमियमचं घातक, पाण्यात विरघळणारं रूप (सहा-संयुजी) बहुतेक तीन-संयुजी रूपात बदलतं, ते फारसं हलत नाही. म्हणजे तळाशी आहे तोवर खाडीकाठ म्हणतात तसं ते पडून राहतं. बागेचं सांगाल तर मी टाकणार नाही.

बागप्रेमी: बरं, गाळ वेगळा तपासून घेतो. तुमचं सगळं पटलंय असं नाही. पण आणलेल्या ट्रॉलीचं काय करू? परत नाल्यात लोटू?

खाडीकाठ: मुळीच नको. खाली जाड प्लास्टिक, वर ताडपत्री. पोरांना तिकडे जाऊ देऊ नका. रिपोर्ट आला की प्रदूषण मंडळाला लेखी विचारा. आणि हे आजच करा, पाऊस आला तर सगळं वाहून विहिरीकडे जाईल.

बागप्रेमी: विहीर बागेला लागूनच आहे. निघालो ताडपत्री आणायला.