मेंदूच्या इशाऱ्यावर चालणारी यंत्रं ठाण्याच्या पालिका रुग्णालयात हवीत का?

नौपाडाकर: बाबांना पॅरालिसिसचा झटका येऊन दीड वर्ष झालं. उजवी मूठ अजून मिटलेलीच. फिजिओ म्हणतात, "काका, मनात आणा, हात उघडतोय," आणि स्वतः एकेक बोट सोडवतात. हेच काम करणारं यंत्र आता आहे. डोक्यावरची टोपी मेंदूतले विद्युत संकेत टिपते, आणि हलवायचं मनात येताच हातावरचा यांत्रिक पंजा बोटं उघडतो. अशा 'इप्सीहँड'ला अमेरिकेत २०२१ मध्ये परवानगी मिळाली. ते मेंदूच्या शाबूत बाजूचे संकेत वापरतं. हे श्रीमंतांपुरतं राहू नये. पालिकेने घ्यावं, असा अर्ज मी करणार आहे.

वाशीची फिजिओ: दादा, माझा विरोध आहे. माझे कितीतरी पेशंट महिन्याभरात येणं सोडतात. रिक्षाचं भाडं, सोबत येणाऱ्याचा कामावरचा खाडा, कुठवर झेपणार? आणि सुधारणा सर्वांत वेगाने होते ती पहिल्या तीन महिन्यांत. त्या पैशात घरोघरी फिजिओ पाठवा. फ्रान्समधल्या ग्रनोबलला २०१९ मध्ये मेंदूच्या संकेतांवर दोन्ही हात आणि दोन्ही पाय हलवणारा, अंगावर घालायचा यांत्रिक सांगाडा दाखवला, तोही तोल जाऊ नये म्हणून छताला टांगलेला होता.

घोडबंदर रोड: ताई, मज्जारज्जूला मार बसला तेव्हा मलाही "आता सुधारणा नाही" सांगून घरी पाठवलं होतं. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकात सांगाडा घातलेल्या माणसाने चेंडूला पाय लावला, तेवढंच लोकांना आठवतं. तो सांगाडा ज्यांच्या गटाने केला, त्याच मेंदू-शास्त्रज्ञ निकोलेलिस यांच्या गटाचा २०१६ चा अभ्यास वाचा. आठ जणांनी वर्षभर सराव केला. इजेच्या खाली संवेदना आणि थोडी स्नायूंची हालचाल परतली, निम्म्यांची इजा 'पूर्ण' (खाली ना संवेदना, ना हालचाल) वरून 'अपूर्ण' (थोडी शिल्लक) गटात गेली. वर्षानुवर्षं व्हीलचेअरवर असलेली माणसं होती ती!

वाशीची फिजिओ: वाचलाय. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आभासी जगाची चित्रं (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी), ट्रेडमिल, सांगाडा, सगळं एकत्र होतं. गुण कशाचा, ते कसं सांगणार?

नौपाडाकर: बाबांचे ते तीन महिने कधीच गेले, ताई. घरी येणारा फिजिओ बोटं सोडवतो, पण त्या क्षणी बाबांच्या मनात खरंच हालचाल आहे की ते खिडकीबाहेर बघतायत, हे त्याला कळत नाही. इच्छा आणि हालचाल एकाच वेळी जुळली तर मेंदूला नवी वाट धरायला मदत होते ना?

वाशीची फिजिओ: हे मान्य. मग टोपी आणि पंजा मागा, चालवणारा सांगाडा नको. आणि ते वापरायला शिकलेला माणूस कायम पगारावर हवा, हे अर्जात पहिल्या ओळीत लिहा. मी सही करेन.