बाइकच्या हँडलला मोबाइल लावणाऱ्यांनो, कॅमेरा एकदा उघडून बघा

घाटवेडा:
गेल्या आठवड्यात पुण्याहून ताम्हिणीमार्गे हरिहरेश्वर करून आलो. फोन पूर्ण वेळ हँडलवरच्या होल्डरमध्ये, नकाशा चालू. घरी आल्यावर लेकीचा फोटो काढायला गेलो तर चित्र थरथरतंय, पाण्यातून बघावं तसं. फोकस धरतो नि सोडतो. गंमत म्हणजे ०.५ वर टाकलं की सगळं ठणठणीत. फोन एकदाही पडलेला नाही! दुरुस्तीवाल्याने पहिलाच प्रश्न विचारला, "गाडीला लावता का?"

मग वाचत बसलो. माझ्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात ओआयएस आहे, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा. जायरोस्कोप हात किती हलला ते टिपतो आणि भिंग तेवढंच उलट सरकतं. ते सरकवायला चुंबक आणि तारेची वेटोळी. ही नाजूक व्यवस्था हाताच्या थरथरीसाठी केलेली, माझ्या ३५० सीसीच्या एकाच सिलिंडरच्या ठोक्यांसाठी नाही. अल्ट्रावाइडला, म्हणजे त्या ०.५ वाल्या कॅमेऱ्याला, बहुतेक फोनांत हे नसतंच, म्हणून तो वाचला. अ‍ॅपलने तर सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच सांगितलंय की मोठ्या इंजिनाच्या बाइकला आयफोन थेट बसवू नका, आणि स्कूटरवरसुद्धा कंपन शोषणारा होल्डर वापरा.

माझं मत: फोन खिशात, नकाशा कानात.

खड्डेपुराण:
साहेब, मी डिलिव्हरी करतो. तीन वर्षं झाली, दिवसाला दहा-बारा तास फोन हँडललाच. कॅमेरा झकास चालतो. खिशातून फोन काढत बसलो तर ऑर्डर थंड होते आणि शिव्या मी खातो. हौशी लोकांच्या सल्ल्यावर आमचं पोट भरत नाही.

घाटवेडा:
तुमच्या फोनला ओआयएस आहे का? स्वस्त फोनांत बहुधा नसतं. गाडी कुठली?

खड्डेपुराण:
ओआयएस नाही. गाडी ११० सीसी स्कूटर. म्हणजे महाग फोनवालाच फसला म्हणायचा :)

जुना_रायडर:
आम्ही टपरीवर चहा घेत रस्ता विचारायचो. मान खाली घालून पडद्याकडे बघत गाडी चालवणं हीच मुळात चूक. कॅमेरा गेला ते बरंच झालं.

रानवाट:
काका, रात्री नऊला अनोळखी फाट्यावर थांबून टपरीवर रस्ता विचारायचा, हे बाईमाणसाला सांगू नका. मी कामासाठी गावोगाव एकटी फिरते. कानातल्या बाईचा आवाज वाऱ्यात ऐकू येत नाही आणि 'डावीकडे वळा' म्हणेपर्यंत फाटा मागे गेलेला असतो. २०२० च्या नियमबदलात वाट दाखवण्यापुरता फोन वापरायला मुभा आहेच, लक्ष विचलित होऊ न देता. होल्डरखाली कंपन शोषणारा रबरी डॅम्पर बसवलाय, दोन वर्षांत काही झालेलं नाही.

घाटवेडा:
डॅम्परचं मान्य. मीही तो घ्यायला हवा होता, चारशे रुपयांचा होल्डर घेऊन बसलो. पण डॅम्पर आहे म्हणून बिनधास्त राहू नका. अ‍ॅपलचंही म्हणणं एवढंच की त्याने धोका कमी होतो, आणि रोज फार वेळ वापर टाळा. तुम्ही रोजच फिरता.

रानवाट:
मग जुना फोन हँडलला, नवा पर्समध्ये. घरात पडलेला आहेच एक, हॉटस्पॉट देईन. पर्यायाशिवाय 'लावूच नका' म्हटलं की माणसं ऐकत नाहीत.

खड्डेपुराण:
हे पटलं. आम्हाला तरी फोटो दारात पार्सल ठेवल्याचाच काढायचा असतो.

नवशिक्या:
घाबरवलंत राव. माझा फोन हलवला की कॅमेऱ्यापाशी टकटक वाजतं. गेला का?

घाटवेडा:
कॅमेरा बंद असताना भिंग सुटं असतं, तेव्हा वाजू शकतं. कॅमेरा चालू करून हलवा.

नवशिक्या:
आवाज थांबला! जीव भांड्यात पडला. होल्डर मात्र काढतोय.