पावसात गोळ्यांना आंबूस वास

देवगडची सून:
सासऱ्यांना हृदयासाठी रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन. स्ट्रिपमधून काढायला त्यांची बोटं चालत नाहीत, म्हणून महिन्याच्या गोळ्या मीच सोडवून बरणीत भरते. बरणी चुलीवरच्या फळीवर, आमसुलांच्या शेजारी. काल झाकण उघडलं तर आंबूस वास. आधी वाटलं आमसुलांचाच! एक्सपायरी पुढच्या वर्षीची आहे. द्यायच्या का?

रत्नांग्रीकर:
नका देऊ. ॲस्पिरिनला ओल लागली की तिचं सॅलिसिलिक आणि ॲसिटिक ॲसिड होतं. दुसरं म्हणजे व्हिनेगरमधलंच. मी बारा वर्षं स्टॅबिलिटी लॅबमध्ये, म्हणजे औषध किती टिकतं ते तपासतात तिथे, काढली. आपल्यासारख्या उष्ण, दमट हवामानासाठी गोळ्या ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत महिनोन्‌महिने ठेवतात, मध्ये मध्ये एचपीएलसीवर (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) तपासतात, पण पॅकिंगसकट. एक्सपायरी त्या पॅकिंगची, तुमच्या बरणीची नव्हे. आणि जुलैत आपल्याकडे ७५ टक्के म्हणजे कोरडा दिवस म्हणायचा! डोस मात्र चुकवू नका, नवी स्ट्रिप आजच आणा.

मालवणी खाजं:
आमची आये फ्रिजात ठेवता. चालात?

रत्नांग्रीकर:
नको हो. बाहेर काढली की दव धरतं. कात्रीने एकेक कप्पा न फोडता कापा, रोजची गोळी रोज सोडवून द्या. एक्सपायरी छापलेला तुकडा शेवटी.

देवगडची सून:
आणली स्ट्रिप. सासरे विचारतायत, बरणीत आता आमसुलं भरू का!