ऑल्डरशॉटला घर घ्यावं का? आर्मीच्या गावात राहणाऱ्यांनी सांगा

रविवारचा_चहा:
मंडळी, ऑफिस लंडनला वॉटर्लू स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, आठवड्यातून तीन दिवस जावं लागतं. लंडनमध्ये घर घेणं आपल्याच्याने होत नाही हे मान्य करून झालंय, म्हणून हँपशायरमधलं ऑल्डरशॉट बघतोय. शनिवारी चक्कर मारून आलो. गावात शिरलो तर बरीच दुकानं शटर पाडून, बायकोचा चेहरा पडला, मग थोडं वर चालत गेलो तर एकदम रुंद सरळसोट रस्ते, जुनी झाडं, लाल विटांच्या इमारती, दुसऱ्याच गावात आल्यासारखं वाटलं. आणि मधूनच कुठूनतरी धाड धाड आवाज. आम्हाला वाटलं फटाके, एक आजोबा कुत्रा फिरवत होते ते हसून म्हणाले फायरिंग रेंज आहे. रोज असतं का हे?? घरी दीड वर्षाची मुलगी आहे, दुपारी झोपते (झोपली तर). राहणाऱ्यांनी खरं काय ते सांगा.

ट्रेन_लेट_आहे:
मी फार्नबरोला राहतो, शेजारीच, कौन्सिल पण एकच, रशमूर. ऑल्डरशॉटहून वॉटर्लूला थेट गाडी आहे, पाऊण ते एक तास धरून चाला. फार्नबरो मेनवरून फास्ट गाड्या आहेत, त्या लवकर नेतात, म्हणून बरेच जण ऑल्डरशॉटला राहून सकाळी गाडीने इकडे येतात आणि मग पार्किंगच्या नावाने बोंबलतात. तीन दिवसांसाठी थेट गाडीच बरी, बसायला मिळालं की एक डुलकी होते.
आवाजाचं म्हणाल तर ॲश रेंजेस जवळ आहेत. फायरिंग असलं की लाल झेंडे लागतात, रात्री लाल दिवे, तेव्हा आत जायचं नाही. बाकी वेळी त्याच आर्मीच्या जमिनीवर मैलोन्मैल चालता येतं, आणि ती आर्मीची आहे म्हणूनच तिथे अजून घरं उठली नाहीत. आवाजाची सवय होते हो, आमच्याकडे वर विमानं पण आहेत, तरी पोरं झोपतात.

जुनी_कागदपत्रं:
तुम्हाला दोन गावं वाटली ते अगदी बरोबर, ती दोनच आहेत. 1851 च्या जनगणनेत ऑल्डरशॉट म्हणजे नऊशेच्या आत वस्तीचं खेडं होतं, आजूबाजूला नुसतं खुरटं माळरान. 1854 मध्ये तिथे लष्कराचा कॅम्प आला, बेसिंगस्टोक कॅनॉलच्या दोन्ही बाजूंना लाकडी झोपड्यांच्या रांगा, नॉर्थ कॅम्प आणि साउथ कॅम्प, आणि दहा वर्षांत खेड्याचं शहर झालं. म्हणजे वरचे सरळ रस्ते आर्मीने आखलेले आणि खालचा बाजार त्या शिपायांच्या पगारावर उभा राहिलेला. शिपाई कमी झाले तसा बाजार सुकला, हे माझं मत, ऑनलाइन शॉपिंगला सगळा दोष देऊन चालणार नाही.
आता आपल्या कामाची गोष्ट. तिथे घोड्यावरचा वेलिंग्टनचा अवाढव्य पुतळा आहे, तो आधी लंडनला हाइड पार्क कॉर्नरला कमानीवर होता, लोकांनी इतकी टिंगल केली की 1885 मध्ये इकडे आणून ठेवला. तर हा वेलिंग्टन म्हणजेच 1803 ला असईच्या लढाईत शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेसमोर उभा होता तो आर्थर वेलस्ली. आणि आर्मीने सोडलेल्या जागेवर जी नवी वसाहत होतेय, 3,850 घरांची, तिचं नाव पण वेलस्लीच. घेणार असाल तर पत्ता लिहिताना पणजोबांची माफी मागा 😄

मैदा_आणि_कणीक:
@जुनी_कागदपत्रं हाहा. आम्ही वेलस्लीतच राहतो. त्यातल्या एका भागाचं नाव मैदा, इटलीतल्या 1806 च्या लढाईवरून. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली पलीकडे कणीक पण आहे का. तिकडे केंब्रिज मिलिटरी हॉस्पिटल आहे, 1879 चं, घड्याळाचा टॉवर लांबून दिसतो. पहिल्या महायुद्धात हॅरॉल्ड गिलीजने चेहरे उडालेल्या सैनिकांवर प्लास्टिक सर्जरीचं काम तिथेच सुरू केलं. 1996 ला बंद पडलं, कित्येक वर्षं नुसतं उभं होतं.
चहाभाऊ, एक सांगते, घर आवडलं तरी सर्व्हिस चार्जचा कागद आधी वाचा. आमच्या आधीच्या गावी नव्या फ्लॅटला तीन वर्षांत तो इतका वाढला की शेवटी विकूनच निघालो, मॅनेजमेंट कंपनीला मेल केला की पंधरा दिवसांनी उत्तर, तेही आमच्या प्रश्नाचं नाही.

रविवारचा_चहा:
सगळ्यांचे आभार, कागद नक्की वाचतो. एक राहिलंच, गावात नेपाळी मंडळी खूप दिसली, ते गुरखा रेजिमेंटमुळे का? आणि बाहेरून आलेल्यांना आर्मीवाले सामावून घेतात का?

मैदा_आणि_कणीक:
हो. गुरख्यांची पलटण जवळच चर्च क्रूकमला होती, आणि 2009 मध्ये जुन्या निवृत्त गुरख्यांनाही ब्रिटनमध्ये राहायचा हक्क मिळाला, अभिनेत्री जोआना लमलीने ते आंदोलन लावून धरलं होतं. मग बरेच जण म्हातारपणी आले. प्रिन्सेस गार्डन्सला कुलबीर थापा यांचा पुतळा आहे, व्हिक्टोरिया क्रॉसवाले, तिथे बाकांवर आजोबा ढाका टोपी घालून आणि आज्या शाली गुंडाळून बसलेल्या असतात. इंग्रजी फारसं नाही, पण मोडकं हिंदी बोललं की आज्या खुलतात. माझ्या लेकाला एकीने पहिल्याच दिवशी खिशातून गोळी काढून दिली, मी नको नको म्हणेपर्यंत याने तोंडात टाकली.

जुनी_कागदपत्रं:
+१. आणि आर्मीवाले आपल्या वाटेला जात नाहीत, आपण त्यांच्या गेटसमोर गाडी लावली नाही म्हणजे झालं. तिथली सुरक्षा गमतीची नाही, 22 फेब्रुवारी 1972 ला आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेने पॅराशूट ब्रिगेडच्या ऑफिसर्स मेसजवळ बॉम्ब उडवला, सात जण गेले, त्यात पाच तर तिथे काम करणाऱ्या बायका होत्या. एक माळी आणि एक पाद्री. लढणारा शिपाई एकही नाही. त्या जागी स्मारक आहे, चालत जाल तेव्हा बघा.

ट्रेन_लेट_आहे:
पुढच्या वेळी वीकडेला या, सकाळची गाडी स्वतः पकडून बघा. शनिवारी सगळंच बरं वाटतं.